स्पिन-ऑर्बिट आणि सेमीकंडक्टरचे बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या मुलामुलींना सॉलिड स्टेट शिकवतेय, आणि दरवर्षी व्हॅलन्स बँडच्या (इलेक्ट्रॉननी भरलेल्या सगळ्यात वरच्या एनर्जी पट्ट्याच्या) माथ्याशी आलो की तेच प्रश्न येतात, वर्गात येतात, व्हॉट्सअॅपवर येतात, रात्री अकराला येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मला यात एक गोष्ट मनापासून सांगायचीय ती आधीच सांगते. अभ्यासक्रमात स्पिन-ऑर्बिट शेवटच्या तासाला "बारीक दुरुस्ती" म्हणून येतं आणि मग मुलं ते सोडूनच देतात, पण व्हॅलन्स बँडचा माथा कसा दिसणार, होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी पॉझिटिव्ह चार्जसारखी वागते) किती जड असणार, कुठला प्रकाश शोषला जाणार हे सगळं तीच दुरुस्ती ठरवते. आणि ती समजायला दोनच गोष्टी सारख्या विचारायच्या असतात: अणू किती जड आहे, आणि क्रिस्टलची सिमेट्री कोणती आहे.

खाली ईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि मिलीईव्ही म्हणजे त्याचा हजारावा भाग.

स्पिन-ऑर्बिट कपलिंग म्हणजे नक्की काय हो?

एसटीत बसलं की रस्त्याकडेची झाडं मागे पळताना दिसतात ना, तसंच इलेक्ट्रॉनवर बसून बघा. आपल्याला इलेक्ट्रॉन न्यूक्लियसभोवती फिरताना दिसतो, पण इलेक्ट्रॉनच्या नजरेने बघितलं तर पॉझिटिव्ह चार्ज असलेला न्यूक्लियसच त्याच्याभोवती फिरतोय, आणि फिरता चार्ज म्हणजे करंट, करंट म्हणजे मॅग्नेटिक फील्ड. इलेक्ट्रॉनला स्पिन आहे म्हणजे तो स्वतः एक छोटा मॅग्नेट आहे, त्यामुळे त्या फील्डच्या बाजूने की विरुद्ध यावर त्याची एनर्जी थोडी बदलते. बाहेरून कुठलाही मॅग्नेट आणलेला नाही, तरी स्पिन आणि कक्षेतली गती एकमेकांना बांधली गेली.

हे चित्र जसंच्या तसं धरून हिशोब केला तर उत्तर दुप्पट येतं, कारण इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, वळतो, आणि वळताना त्याची फ्रेमही फिरते. तो अर्ध्याचा फॅक्टर १९२६ साली थॉमसने दिला. १९२८ च्या डिरॅकच्या समीकरणात हे सगळं वेगळं काही न घालता आपोआप बाहेर येतं.

आणि हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे बरं का. बीएस्सीला न्यूटन्स रिंग्जच्या प्रॅक्टिकलला जो सोडियमचा पिवळा दिवा लावला होता, त्याचा पिवळा रंग म्हणजे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा आहेत. त्या दोन होण्याचं कारण स्पिन-ऑर्बिट, फरक फक्त २ मिलीईव्हीच्या आसपास.

रिलेटिव्हिटीचा परिणाम म्हणता, पण सेमीकंडक्टरमधले इलेक्ट्रॉन तर प्रकाशाच्या मानाने अगदी हळू चालतात. मग?

चांगला प्रश्न आहे आणि बहुतेक जण इथेच अडतात. क्रिस्टलमधून इलेक्ट्रॉन सरासरी ज्या वेगाने सरकतो तो वेग इथे बघायचाच नाही. बँडमधला इलेक्ट्रॉन प्रत्येक अणूच्या जवळून, अगदी गाभ्यातून जातो, आणि न्यूक्लियसजवळच्या त्या इवल्याशा जागेत इलेक्ट्रिक फील्ड प्रचंड असतं आणि वेगही खूप वाढतो. स्पिन-ऑर्बिटची जवळजवळ सगळी कमाई तिथेच होते. म्हणून अणू जड तसा परिणाम झपाट्याने वाढतो. हायड्रोजनसारख्या एकट्या इलेक्ट्रॉनसाठी अणुक्रमांकाच्या चौथ्या घाताने, आणि बाहेरच्या व्हॅलन्स इलेक्ट्रॉनसाठी, बाकीच्या इलेक्ट्रॉननी न्यूक्लियस झाकलेला असतो म्हणून, साधारण वर्गाच्या हिशोबाने.

आकडे सांगा ना, किती मोठा परिणाम असतो?

व्हॅलन्स बँडच्या माथ्यावर जी फट पडते तिला डेल्टा-नॉट म्हणतात, मी नुसतं डेल्टा म्हणेन. हिऱ्यात ६ मिलीईव्ही, सिलिकॉनमध्ये ४४ मिलीईव्ही, जर्मेनियममध्ये ०.२९ ईव्ही. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, एकाच गटातून खाली खाली उतरलो आणि फट जवळपास पन्नासपट झाली.

आता कंपाउंडमध्ये एक गंमत बघा, ही मला फार आवडते. गॅलियम फॉस्फाइड ०.०८, गॅलियम आर्सेनाइड ०.३४, गॅलियम अँटिमनाइड ०.७६ ईव्ही. पुढे गॅलियम काढून त्याजागी बराच जड इंडियम घाला: इंडियम फॉस्फाइड ०.११, इंडियम आर्सेनाइड ०.३९, इंडियम अँटिमनाइड ०.८१. म्हणजे गॅलियमचा इंडियम केला तर फारसं काही हललं नाही, पण फॉस्फरसचा आर्सेनिक आणि आर्सेनिकचा अँटिमनी केला की आकडा उडी मारतो. का? कारण व्हॅलन्स बँडचा इलेक्ट्रॉन बहुतांश वेळ अॅनायनवर, म्हणजे इथे फॉस्फरस, आर्सेनिक किंवा अँटिमनीवर असतो, तोच अणू त्याला ओढून धरतो, त्यामुळे कुठल्या अणूचं वजन मोजायचं हे इलेक्ट्रॉन कुठे राहतो त्यावरून ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की टेबल पाठ करायची गरज नाही. इंडियम फॉस्फाइडमध्ये इंडियम एवढा जड असून फट लहान का, असं व्हायवाला विचारलं तर आता उत्तर आलं पाहिजे. गॅलियम नायट्राइडचंही तेच, नायट्रोजन हलका म्हणून फट जेमतेम काही मिलीईव्ही ते वीसेक मिलीईव्ही.

सहा स्टेट्सचे चार आणि दोन कसे होतात? पुस्तकात एकदम उत्तरच दिलंय.

हातानेच करू, पाच ओळींचं आहे. गॅमा बिंदूवर, म्हणजे के (क्रिस्टलमधल्या इलेक्ट्रॉनचा वेव्हव्हेक्टर, मोमेंटमसारखाच) शून्य असताना, व्हॅलन्स बँडचा माथा पी ऑर्बिटलचा बनलेला असतो. तीन ऑर्बिटल, प्रत्येकाला दोन स्पिन, मिळून सहा स्टेट्स, आणि स्पिन-ऑर्बिट नसेल तर सहाही एकाच एनर्जीला. आता एल (कक्षेतलं अँग्युलर मोमेंटम) = १ आणि एस (स्पिनचं) = १/२ जोडले की एकूण जे = ३/२ किंवा जे = १/२ मिळतं. पहिल्यात चार स्टेट्स, दुसऱ्यात दोन.

एल आणि एस यांचा डॉट प्रॉडक्ट म्हणजे जे(जे+१) वजा एल(एल+१) वजा एस(एस+१), सगळ्याचं अर्ध. जे = ३/२ ला १५/४ - २ - ३/४ = १, अर्ध केलं की +१/२. जे = १/२ ला ३/४ - २ - ३/४ = -२, अर्ध केलं की -१. म्हणजे चार स्टेट्स अर्ध्याने वर गेल्या, दोन स्टेट्स एकाने खाली गेल्या, बेरीज शून्य, कुणी फुकट काही मिळवलं नाही. एकूण फट दीडची, तीच डेल्टा. म्हणून माथा डेल्टाच्या एक तृतीयांशाने वर सरकतो आणि खाली गेलेला बँड, ज्याला स्प्लिट-ऑफ म्हणतात, तो दोन तृतीयांशाने खाली जातो.

गॅलियम आर्सेनाइडला लावा: माथा ०.११ ने वर, स्प्लिट-ऑफ ०.२३ ने खाली. म्हणजे नुसतं स्पिन-ऑर्बिट धरल्याने बँड गॅप (व्हॅलन्स बँड आणि त्यावरचा रिकामा कंडक्शन बँड यांच्यातलं अंतर) ०.११ ईव्हीने कमी झाला.

०.११ म्हणजे काही फार नाही ना? सोडून दिलं तर चालेल?

गॅलियम आर्सेनाइडचा गॅप रूम टेंपरेचरला १.४२ ईव्ही आहे, तिथे तुम्ही म्हणाल चालेल. इंडियम अँटिमनाइड घ्या. डेल्टा ०.८१, त्याचा तिसरा हिस्सा ०.२७ ईव्ही, आणि खरा गॅप रूम टेंपरेचरला ०.१७, अगदी थंड केला तरी ०.२४ च्या आत. दुरुस्ती मूळ रकमेपेक्षा मोठी. अशा मटेरियलबद्दल स्पिन-ऑर्बिट न धरता काढलेला कुठलाही निष्कर्ष वापरू नका, खरंच नका वापरू. १९५७ मध्ये केनने इंडियम अँटिमनाइडचं जे मॉडेल मांडलं आणि जे आजही लोक रोज वापरतात, त्यात डेल्टा पहिल्यापासून आहे, नंतर चिकटवलेला नाही.

हेवी होल आणि लाइट होल स्पिन-ऑर्बिटमुळेच वेगळे होतात ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर लिहिते.

स्पिन-ऑर्बिट बंद केलं तरी होल दोन प्रकारचे असतातच. समजा तुम्ही झेड दिशेने चाललाय. पी-झेड ऑर्बिटलची पाकळी चालण्याच्या दिशेनेच आहे, शेजारच्या अणूशी समोरासमोर गाठ पडते, इलेक्ट्रॉन सहज पुढे जातो, तर तो बँड हलका. पी-एक्स आणि पी-वाय च्या पाकळ्या आडव्या आहेत, त्यांची गाठ बाजूबाजूने, कमजोर, म्हणून ते दोन बँड जड. म्हणजे दोन जड आणि एक हलका, हे निव्वळ ऑर्बिटलच्या दिशेमुळे.

आता स्पिन-ऑर्बिट चालू करा. ते ऑर्बिटलची सरमिसळ करतं. हेवी होल म्हणजे जे = ३/२ मधला, ज्याचा झेड दिशेतला घटक ३/२ आहे, त्यात फक्त पी-एक्स आणि पी-वाय, पी-झेड अजिबात नाही, म्हणून तो जडच राहतो. लाइट होलमध्ये दोन तृतीयांश पी-झेड आणि एक तृतीयांश बाकीचे. आणि स्प्लिट-ऑफमध्ये बरोबर उलटं, एक तृतीयांश पी-झेड. तर स्पिन-ऑर्बिट काय करतं? ते तीन बँडपैकी एकाला खाली ढकलतं आणि उरलेल्यांच्या अंगातलं मिश्रण ठरवतं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये हेवी होलचं मास इलेक्ट्रॉनच्या मासच्या साधारण ०.५ पट, लाइट होलचं ०.०८ पट. हे प्रत्यक्ष मोजून दाखवणारे सायक्लोट्रॉन रेझोनन्सचे प्रयोग १९५० च्या दशकाच्या मध्यात झाले, ड्रेसलहाउस, किप आणि किटल यांचा सिलिकॉन-जर्मेनियमवरचा १९५५ चा पेपर त्यातलाच, आणि हो, हा किटल म्हणजे ज्यांचं पुस्तक तुमच्या बॅगेत आहे तेच.

कंडक्शन बँडवर काहीच परिणाम नाही का?

गॅमा बिंदूवर, झिंकब्लेंड रचनेच्या (गॅलियम आर्सेनाइडसारख्या) मटेरियलमध्ये, कंडक्शन बँडचा तळ एस ऑर्बिटलचा असतो, एल शून्य, त्यामुळे थेट फट पडत नाही. पण उधारीवर परिणाम येतो. के थोडा वाढला की कंडक्शन बँडमध्ये व्हॅलन्स बँडचा पी भाग मिसळतो आणि त्याच्याबरोबर स्पिन-ऑर्बिटही आत येतं.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे जी-फॅक्टर, मॅग्नेटिक फील्डमध्ये स्पिनची एनर्जी किती बदलते ते सांगणारा आकडा. मोकळ्या इलेक्ट्रॉनचा २. गॅलियम आर्सेनाइडमध्ये -०.४४, चिन्हच बदललं. आणि इंडियम अँटिमनाइडमध्ये -५० च्या आसपास! रॉथ, लॅक्स आणि झ्वर्डलिंग यांचं १९५९ चं सूत्र आहे: २ मधून एक पद वजा करायचं, त्या पदाच्या वरती डेल्टा आहे आणि खाली गॅप गुणिले गॅप अधिक डेल्टा. डेल्टा शून्य केला की परत २. गॅप लहान आणि डेल्टा मोठा असला की उत्तर भलतंच मोठं. आकडे घालून बघा, इंडियम अँटिमनाइडला खरोखर उणे एकोणपन्नास-पन्नास येतं, मी पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते, एवढ्या साध्या सूत्रातून एवढं बरोबर उत्तर.

सिलिकॉनमध्ये तर ४४ मिलीईव्हीच आहे, मग चिप बनवणाऱ्यांनी कशाला विचार करायचा?

इलेक्ट्रॉनसाठी फारसा नाही करावा लागत. होलसाठी मात्र करावा लागतो, आणि कारण थोडं उलटं आहे, फट लहान आहे म्हणूनच. रूम टेंपरेचरला थर्मल एनर्जी २६ मिलीईव्ही. ४४ भागिले २६, बोल्ट्झमन फॅक्टर ०.१८, म्हणजे स्प्लिट-ऑफ बँडमध्येही होल जाऊन बसतात आणि हेवी-लाइट दोघांचे आकारही माथ्यापासून थोडं खाली गेलं की स्प्लिट-ऑफशी मिसळून बदलतात, त्यामुळे पी-टाइप सिलिकॉनमध्ये दोन बँडचा हिशोब पुरत नाही, सहाचं मॅट्रिक्स लागतं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तोच फॅक्टर दहा लाखात दोन, तिथे स्प्लिट-ऑफ रिकामा धरला तरी बिघडत नाही.

शिवाय सिलिकॉनमध्ये स्पिन-ऑर्बिट कमी असल्याचा फायदा पण आहे, इलेक्ट्रॉनचा स्पिन बराच वेळ टिकतो, म्हणून स्पिन क्यूबिटवाल्यांना सिलिकॉन आवडतं. आणि जर्मेनियमच्या होलवर काम करणारे बरोबर उलट्या कारणासाठी जर्मेनियम निवडतात, तिथे स्पिन-ऑर्बिट दणकट आहे म्हणून नुसत्या इलेक्ट्रिक सिग्नलने स्पिन फिरवता येतो.

प्रत्येक बँडवर अप-डाउन दोन स्पिन बसतात असं शिकलो. ते नेहमी खरं असतं का?

नाही! इथे सिमेट्रीचा प्रश्न येतो.

दोन नियम आहेत. टाइम रिव्हर्सल (वेळ उलटी फिरवली तरी नियम तेच) म्हणतं की के ला अप स्पिनची जी एनर्जी तीच उणे के ला डाउन स्पिनची. इन्व्हर्जन सिमेट्री (एका बिंदूतून क्रिस्टल उलटवला तरी तसाच दिसणं) म्हणते की के ला अपची जी एनर्जी तीच उणे के ला अपचीच. दोन्ही असतील तर एकामागोमाग लावा, एकाच के ला अप आणि डाउन सारखे निघतात. सिलिकॉन, जर्मेनियममध्ये दोन्ही आहेत, तिथे कितीही स्पिन-ऑर्बिट असो, प्रत्येक बँड दुहेरीच राहतो.

आता ठिपक्यांची रांगोळी आठवा. सगळे ठिपके पांढरे असतील तर दोन शेजारच्या ठिपक्यांच्या मधोमध बोट ठेवून रांगोळी उलटी केली तरी तशीच दिसते. पण एक ठिपका पांढरा, एक लाल, असं आळीपाळीने असेल तर त्या मधल्या बिंदूतून उलटवल्यावर पांढऱ्याच्या जागी लाल येतो. सिलिकॉनमध्ये बाँडच्या दोन्ही टोकांना सिलिकॉन, गॅलियम आर्सेनाइडमध्ये एकीकडे गॅलियम आणि दुसरीकडे आर्सेनिक. (चौकोनी रांगोळीत एखाद्या ठिपक्यावरच बोट ठेवलं तर जमेल, पण झिंकब्लेंडच्या त्रिमितीतल्या रचनेत अणूवर बोट ठेवूनही जमत नाही, चार शेजारी टेट्राहेड्रनमध्ये बसलेले असतात.) इन्व्हर्जन गेली, आणि के शून्यापासून हललं की अप आणि डाउन वेगळे व्हायला मोकळे झाले. १९५५ मध्ये जीन ड्रेसलहाउसने हे दाखवलं. कंडक्शन बँडमध्ये ही फट के च्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि काही दिशांना, म्हणजे १०० आणि १११ या दिशांना, ती शून्य असते. के शून्यावर मात्र दोन्ही स्पिन एकत्रच, कारण टाइम रिव्हर्सल अजून आहे. तेही मोडायचं तर मॅग्नेटिक फील्ड किंवा मॅग्नेटिक मटेरियल लागेल.

राश्बा आणि ड्रेसलहाउस यात फरक काय?

दोन्ही इन्व्हर्जन नसल्यामुळे पडणाऱ्या स्पिनच्या फटी. ड्रेसलहाउसमध्ये असमानता क्रिस्टलच्याच अंगात आहे. राश्बामध्ये बहुतेक वेळा ती रचनेतून येते, म्हणजे क्वांटम वेलच्या (दोन मटेरियलमध्ये बसवलेल्या अगदी पातळ थराच्या) एका बाजूला एक मटेरियल आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, किंवा वरून गेटचं व्होल्टेज. राश्बाचं पहिलं काम १९५९ चं, वुर्टझाइट क्रिस्टलवर, आणि द्विमितीय इलेक्ट्रॉनसाठीचं प्रसिद्ध रूप बिचकोव्हबरोबर १९८४ चं. यात फट के च्या सरळ प्रमाणात वाढते. चित्र काढायचं तर एक पॅराबोला होता, त्याचे दोन झाले, एक डावीकडे सरकला एक उजवीकडे, आणि दोघे के शून्यावर एकमेकांना छेदतात.

इथे एक खाचखळगा आहे. लोक समजतात की गेटचं फील्ड थेट इलेक्ट्रॉनवर लागतं आणि त्यातून राश्बा येतो. तसा हिशोब मांडलात तर परिणाम नगण्य येतो, कारण रिकाम्या जागेत स्पिन-ऑर्बिटच्या पदाखाली भाजक असतो दोन एम सी स्क्वेअर, म्हणजे दहा लाख ईव्हीच्या वर. सेमीकंडक्टरमध्ये त्या जागी गॅप येतो, एखादा ईव्ही. डिरॅकच्या चित्रात इलेक्ट्रॉनच्या खाली पॉझिट्रॉनची पातळी असते, तशी इथे कंडक्शन बँडच्या खाली व्हॅलन्स बँड असतो, आणि तो हाताच्या अंतरावर आहे. लाखो पटींचा फरक तिथून येतो. आणि कंडक्शन बँडचा राश्बा ठरवणारं फील्ड म्हणजे व्हॅलन्स बँडला आणि इंटरफेसला जे जाणवतं ते.

प्रत्यक्षात इंडियम आर्सेनाइडच्या वेलमध्ये फट काही मिलीईव्हीची. बल्कमध्ये याहून कितीतरी मोठी हवी असेल तर बिस्मथ टेल्युरियम आयोडाइड, २०११ मध्ये त्यात राश्बाचा गुणांक सुमारे ३.८ ईव्ही-अँगस्ट्रॉम मिळाला, इंडियम आर्सेनाइडच्या वेलमधला ०.१ च्या घरातला. बिस्मथ जड, आणि क्रिस्टलला इन्व्हर्जन नाही, दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच बाजूची.

दत्ता-दास ट्रान्झिस्टर यातूनच आला का?

हो. सुप्रियो दत्ता आणि विश्वजित दास, पर्ड्यू युनिव्हर्सिटी, १९९०. दत्तांचं बीटेक खरगपूर आयआयटीचं. कल्पना अशी की एका टोकाने स्पिन ठरवलेले इलेक्ट्रॉन सोडायचे, वाटेत राश्बा त्यांचा स्पिन फिरवेल, आणि गेटने राश्बा कमीजास्त करून दुसऱ्या टोकाला स्पिन जुळतो की नाही ते ठरवायचं. अर्ध्या फेरीला किती लांबी लागेल? इफेक्टिव्ह मास ०.०२५ आणि राश्बा गुणांक ०.१ ईव्ही-अँगस्ट्रॉम धरा, पाय गुणिले एच-बार वर्ग भागिले दोन एम अल्फा, सुमारे अर्धा मायक्रोमीटर येतो. म्हणजे बनवण्यासारखी गोष्ट. गेटने राश्बा खरंच बदलतो हे १९९७ मध्ये जपानमध्ये निट्टा आणि सहकाऱ्यांनी इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या वेलमध्ये दाखवलं. अडचण राहिली ती स्पिन नीट आत सोडण्याची आणि वाटेत टिकवण्याची, कारण जे फील्ड स्पिन फिरवतं तेच, इलेक्ट्रॉन टकरा खात दिशा बदलत गेला की, प्रत्येकाचा स्पिन वेगवेगळा फिरवून गोंधळ करतं. याला डायकोनोव्ह-पेरेल म्हणतात, १९७१.

डेल्टा प्रयोगात मोजतात कसा?

प्रकाशाने. जुनी आणि अजूनही छान पद्धत म्हणजे इलेक्ट्रोरिफ्लेक्टन्स: सँपलवर बदलतं फील्ड लावून परावर्तनातला बदल बघायचा, गॅपच्या जागी एक खूण दिसते आणि गॅप अधिक डेल्टाच्या जागी दुसरी. वरच्या एनर्जीला अजून एक जोडी दिसते, तिथली फट डेल्टाच्या साधारण दोन तृतीयांश असते, गॅलियम आर्सेनाइडला ०.२२.

पण सगळ्यात देखणा प्रयोग म्हणजे गोल फिरणाऱ्या पोलरायझेशनचा. गॅलियम आर्सेनाइडवर सर्क्युलर प्रकाश टाका. हेवी होलमधून वर येणाऱ्या इलेक्ट्रॉनचा स्पिन एका बाजूचा, वजन ३. लाइट होलमधून येणाऱ्याचा दुसऱ्या बाजूचा, वजन १. तीनास एक, म्हणजे ५० टक्के पोलरायझेशन, मॅग्नेट न वापरता. आणि स्प्लिट-ऑफमधूनही उचललं तर? तो लाइटच्याच बाजूला, वजन २. तीनास तीन, सगळं शून्य! म्हणून फोटॉनची एनर्जी गॅपपेक्षा जास्त पण गॅप अधिक डेल्टापेक्षा कमी पाहिजे, रूम टेंपरेचरला १.४२ ते १.७६ ईव्हीच्या मधे, साधा ७८० नॅनोमीटरचा लेसर डायोड बरोबर मधे बसतो. स्पिन-ऑर्बिटने फट पाडली नसती तर हे शक्यच नव्हतं. १९७८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अॅक्सिलरेटरवर वीक फोर्समधल्या पॅरिटी मोडण्याचा जो गाजलेला प्रयोग झाला, त्यातले पोलराइज्ड इलेक्ट्रॉन गॅलियम आर्सेनाइडमधूनच काढले होते. पुढे क्रिस्टल ताणून हेवी आणि लाइट वेगळे केले आणि पोलरायझेशन ८० टक्क्यांच्या वर नेलं.

लेसर डायोडवाल्यांना याचं काय पडलंय?

फायबरमधून इंटरनेट नेणारा १.५५ मायक्रोमीटरचा लेसर म्हणजे ०.८ ईव्ही. त्यात कधीकधी असं होतं की इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात पण प्रकाश न देता ती एनर्जी दुसऱ्या होलला देतात आणि तो हेवी बँडमधून स्प्लिट-ऑफमध्ये फेकला जातो. ओजे प्रक्रियेचा एक प्रकार. प्रकाश गेला, उष्णता वाढली. गॅप आणि डेल्टा जवळजवळ सारखे असतील तर हे फारच सोपं होतं, गॅलियम अँटिमनाइड आणि इंडियम आर्सेनाइड त्याच अडचणीत आहेत. उपाय काय, तर डेल्टा गॅपपेक्षा मोठा करायचा, मग स्प्लिट-ऑफपर्यंत पोचायला एनर्जीच पुरत नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये थोडा बिस्मथ घातला की गॅप झपाट्याने कमी होतो आणि डेल्टा वाढतो, १० टक्क्यांच्या आसपास बिस्मथला डेल्टा पुढे जातो. अशा मटेरियलवर म्हणूनच एवढं काम चालू आहे.

डीएफटी कॅल्क्युलेशनमध्ये स्पिन-ऑर्बिट चालू केलं पण बँड तसेच आले. काय चुकलं?

जवळपास नक्की स्यूडोपोटेन्शियल, म्हणजे डीएफटीला (कॉम्प्युटरवर बँड काढायच्या पद्धतीला) अणूच्या गाभ्याऐवजी दिलेली फाइल. क्वांटम एस्प्रेसो या डीएफटीच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते नॉनकोलिनियर आणि स्पिन-ऑर्बिटचे स्विच ट्रू करून भागत नाही, फाइल फुल्ली रिलेटिव्हिस्टिक लागते. स्केलर रिलेटिव्हिस्टिक फाइल दिली तर रन सुरळीत संपतो आणि परिणाम शून्य. माझ्याकडे एका मुलाचा पूर्ण महिना यात गेला, एरर येत नव्हता म्हणून त्याने मटेरियललाच दोष दिला होता. दुसरी गोष्ट, बँडची संख्या दुप्पट करा. गॅलियम आर्सेनाइडमध्ये आठ व्हॅलन्स इलेक्ट्रॉन धरले तर आधी चार बँड भरलेले होते, आता आठ. वेळ साधारण आठपट लागतो कारण मॅट्रिक्स दुप्पट झालं, तेव्हा आधी हलक्या ग्रिडवर करून बघा. तपासणीसाठी आधी गॅलियम आर्सेनाइड किंवा जर्मेनियम करा आणि गॅमावर ०.३४ किंवा ०.२९ च्या आसपास येतंय का बघा. साध्या फंक्शनलला गॅप नीट देता येत नाही पण डेल्टा बऱ्यापैकी बरोबर येतो, कारण तो न्यूक्लियसजवळच्या भागातून येतो.

आणि लेड हॅलाइड पेरोव्स्काइट करणाऱ्यांनी जपून. तिथे कंडक्शन बँड शिशाच्या पी ऑर्बिटलचा आहे, म्हणजे सगळं उलटं, फट कंडक्शन बँडमध्ये पडते आणि गॅप १ ईव्हीच्या आसपास खाली येतो. स्पिन-ऑर्बिट न धरता साध्या डीएफटीने मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा गॅप १.६ च्या जवळ, प्रयोगाशी जुळणारा येतो. ते जुळणं खोटं आहे, दोन मोठ्या चुका एकमेकींना काट मारतात. एकच चूक दुरुस्त केली की उत्तर बिघडल्यासारखं दिसतं आणि मुलं स्पिन-ऑर्बिट परत बंद करतात. करू नका. दोन्ही दुरुस्त करा.

टोपोलॉजिकल इन्सुलेटरशी याचा काय संबंध?

टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे आतून इन्सुलेटर पण कडेने करंट वाहू देणारं मटेरियल. मर्क्युरी टेल्युराइडमध्ये एस बँड, जो वर असायला हवा, तो पी बँडच्या खाली जातो. ही उलथापालथ एकट्या स्पिन-ऑर्बिटमुळे होत नाही, पाऱ्यासारख्या जड अणूत एस इलेक्ट्रॉनला खाली खेचणाऱ्या बाकीच्या रिलेटिव्हिस्टिक दुरुस्त्याही त्यात आहेत, पण माथ्याची चार स्टेट्स वर आणणं स्पिन-ऑर्बिटचंच. कॅडमियम टेल्युराइडच्या मधे त्याचा पातळ थर ठेवला आणि जाडी ६.३ नॅनोमीटरपेक्षा जास्त असली की बँड उलटे राहतात आणि कडेने उलट्या स्पिनचे इलेक्ट्रॉन उलट्या दिशांना वाहतात. २००६ मध्ये बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी भाकीत केलं, २००७ मध्ये जर्मनीत वुर्झबर्गला मोलेनकँप यांच्या ग्रुपने मोजून दाखवलं. एका वर्षात!

एका थराचे मटेरियल, मॉलिब्डेनम डायसल्फाइड वगैरे?

एका थरात इन्व्हर्जन नाही, मेटल जड आहे, म्हणून के नावाच्या कोपऱ्यावर (वेव्हव्हेक्टरच्या षटकोनी नकाशाचा कोपरा) व्हॅलन्स बँडची फट मॉलिब्डेनम डायसल्फाइडला ०.१५ आणि टंगस्टन डायसेलेनाइडला ०.४५ ईव्हीच्या आसपास. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर स्पिन उलटे. दोन थर नेहमीच्या पद्धतीने एकावर एक ठेवले की इन्व्हर्जन परत येते आणि बँड पुन्हा दुहेरी. वरचा ठिपक्यांचा नियमच आहे हा.

सुरुवात कुठून करू?

आज रात्री सहा बाय सहाचं मॅट्रिक्स हाताने लिहा, के शून्यावर, बेस घ्या पी-एक्स, पी-वाय, पी-झेड आणि दोन स्पिन. एल डॉट एस चे घटक भरा, ते तीन-तीनच्या दोन तुकड्यांत पडतं हे दिसेल, प्रत्येक तुकड्याच्या आयगनव्हॅल्यू काढा. प्रत्येकात १/२ दोनदा आणि -१ एकदा आला तर बरोबर. मग के थोडा वाढवा आणि लाइट होलमध्ये पी-झेड किती आहे ते स्वतः मोजा. अडलात तर मॅट्रिक्सचा फोटो पाठवा, नुसतं "येत नाही" असं लिहू नका, फोटो असला की मला कुठली ओळ चुकली ते लगेच सांगता येतं.